शून्यासारखा पाच

आक्का परातीत पीठ घेतलं की आधी त्यावर बोटानं काहीतरी लिहायची, आणि ते उजवीकडून डावीकडे लिहायची. मग त्याच पिठात पाणी घालून मळायला बसायची. म्हणजे त्या घरानं दोन-तीन वर्षं जी भाकरी खाल्ली तिच्यात अख्खी उर्दू बाराखडी गेली होती, आणि त्यानं कोणाचं पोट दुखल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"आक्का, काय लिहून राहिली?" मी विचारायची.

"नाव."

"कोणाचं?"

"माहं. दुसऱ्या कोणाचं लिहू?"

ही गोष्ट हिंगोलीची. राज्य निजामाचं होतं आणि तिकडे दूर कुठेतरी मोठी लढाई चालू होती. कोर्टाचा कागद उर्दूत, स्टेशनवरची पाटी उर्दूत आणि मॅट्रिकची परीक्षाही उर्दूतच. घरात आम्ही मराठीत भांडायचो आणि त्रिकोणाला मात्र मुसल्लस म्हणायचो. माझ्या नातवंडांना हे ऐकून हसू येतं. आम्हाला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. जग असंच असतं, असं वाटायचं.

आक्का आमच्या शेजारची. तिचं नाव मी सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण गल्लीत तिला सगळे आक्काच म्हणायचे. तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. ती भावाकडे राहायची. सासर सिद्धेश्वराच्या अंगाला, पूर्णेच्या काठी. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ही एक पत्र्याची ट्रंक घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली. सासरकडून अधूनमधून निरोप यायचा, "पाठवून द्या, ऱ्हाईल एका कोपऱ्यात." तो कोपरा म्हणजे गोठ्याला लागून असलेली पडवी आणि सवतीची बाळंतपणं, हे सांगायची कोणाला गरज नव्हती.

तिच्या भावाला मीही दादाच म्हणायची. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनावर होता तो. माणूस वाईट नव्हता, पण घर लहान, लेकरं एकामागून एक आणि बायको सदा आजारी. एक दिवस त्यानं बहिणीला समोर बसवून सांगितलं, "कळमनुरीला पोरींच्या शाळेत बाई पायजे हाय, मॅट्रिक झालेली. तू एकडाव बस परीक्षेला. झालीस तं तिथं लावून देतो. न्हाई झालीस तं सासरी. मंग माह्यावर रुसायचं न्हाई."

आक्का म्हणाली, "बराबर."

हा तिचा शब्द. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, एकाच शब्दावर सगळा संसार चालवणारं. मान्य असलं तरी 'बराबर', नसलं तरी 'बराबर', आणि ऐकलंच नसेल तर जरा लांबवून 'बराऽबर'. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त ऐकू यायचा, कारण आक्काचं अर्धं लक्ष कायम दुसरीकडे असायचं.

मीही त्याच वर्षी परीक्षेला बसणार होते. माझे वडील आडतवाले. नांदेडच्या एका चांगल्या स्थळानं 'मुलगी शिकलेली आहे का' असं विचारलं होतं, तेवढ्यावरून वडिलांच्या मनानं घेतलं होतं. थोडक्यात, माझी मॅट्रिक नवरा मिळावा म्हणून होती आणि आक्काची नवऱ्याकडे जावं लागू नये म्हणून. पुस्तकं मात्र आम्हाला एकच होती.

शिकवायला होत्या खालाबी. रिसाला बाजारात त्यांचं घर होतं. वयस्कर, विधवा, पान खाऊन ओठ कायम लाल. दुपारी त्यांच्या अंगणात लिंबाखाली सतरंजी टाकून आम्ही बसायचो. मी घोकणारी होते. आक्का दोन ओळी वाचायची आणि मग तिची नजर भिंतीवरून पलीकडे जायची.

"माह्या खोलीला ना," ती हळूच म्हणायची, "रस्त्याकडं खिडकी असंल. नांदेडची मोटार येतानी दिसंल असी."

ही कळमनुरीची खोली. ती अजून कुठेच नव्हती, पण रोज तिच्यात एखादी नवी वस्तू यायची. एक दिवस टेबल आलं. एक दिवस कोनाड्यात आरसा बसला. पाण्याचा माठ कुठे ठेवायचा यावर आम्हा दोघींचा वादही झाला, कारण हळूहळू मलाही ती खोली दिसायला लागली होती. एकदा मी तिच्यात पोपटाचा पिंजरा टांगला. आक्कानं लगेच काढायला लावला.

"त्याला पाणी कोण पाजंल? मी तं बाहीर गेलेली असंन."

"कुठं?"

"कुठंबी. कोणाला सांगून थोडीच जाईन?"

खालाबी पान थुंकून म्हणायच्या, "कमरे में से बाहर आव, बेटा." आणि शुद्धलेखन तपासून झालं की म्हणायच्या, "ख्वाब देखो, मगर हिज्जे गलत नक्को करो." आक्काचे हिज्जे, म्हणजे स्पेलिंग, कधीच चुकत नसत. त्यामुळे ख्वाब बघायला तिला जवळजवळ परवानगीच होती.

खरी अडचण खालाबींच्या अंगणात नव्हती, घरी होती. सकाळी दळण, मग स्वयंपाक, मग दादाचा डबा. अकबराचा काळ तिनं मांडीवर लेकरू थोपटत पाठ केला. लेकरू रडलं की अकबर थांबायचा. भूमितीचं पुस्तक तर मांडीवर धरून चालत नाही, त्याला पाटी लागते, दोन्ही हात लागतात आणि डोकं शांत लागतं. ती बिचारी भाकरी थापताना 'हा दायरा' म्हणायची आणि लेकरांना चतकोर तोडून देताना 'हा जाविया' म्हणून कोन दाखवायची. त्याच्यापुढे तिची भूमिती सरकली नव्हती. परीक्षा जवळ येत चालली होती, आणि एक दिवस विहिरीवर ती मला एकदम म्हणाली, "मला एक दुपार मिळाली ना, एक अख्खी दुपार, तं म्या सगळं करून दाखविते." तिला असं काही मागताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

सगळं उजवीकडून करण्याची सवय मात्र तिला पुरती लागली होती. पंगतीत ती उजव्या टोकापासून वाढायची. रांगोळीची ओळ उजवीकडून काढायची. वहिनी वैतागून म्हणायची, "आक्कानं घर पार उलटं करून टाकलं." दादा हसायचा. त्याला उर्दूचं काही देणंघेणं नव्हतं. जिनिंगच्या वह्या मराठीत, आणि रेल्वेची तिकिटं, मोजमापाच्या पाट्या बघून बघून एक, दोन, तीन असे काही उर्दू आकडे त्याला ओळखता यायचे. बाकीचं तो अंदाजानं भागवायचा. "आकडा तो आकडा," तो म्हणायचा, "त्याला भाषा कायची पायजे?"

परीक्षेचे कागद आले ते दादाच्याच नावानं, कारण आम्हा दोघींचे फॉर्म त्यानंच भरून पाठवले होते. दोन्ही कागद एका लिफाफ्यात. त्यानं ते कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि हात लावू दिला नाही. "हारवाल," एवढंच म्हणाला. फक्त एकदा आक्काला काढून दाखवले. मी समोरच होते, पण माझ्या बाजूला कागदाची पाठ होती.

"हे बघ," दादा बोट ठेवून म्हणाला, "परभणी. अन् ही तारीख, दहा. बराबर?"

आक्का कागदाकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ, असं मला आज वाटतं. मग म्हणाली, "बराबर."

माझ्या वडिलांची उर्दू सहीपुरती. दादा म्हणतो ते खरं, असं म्हणून ते मोकळे झाले. नवव्या तारखेला दादानं आम्हाला गाडीत बसवलं, पूर्णा जंक्शनला गाडी बदलली आणि परभणीला माझ्या मावशीच्या दारात नेऊन सोडलं. जिनिंगचे दिवस होते, त्याला लगेच फिरायचं होतं. लिफाफा त्यानं आक्काच्या हातात दिला. पाया पडायला वाकलेल्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ध्यान देऊन लिही," आणि स्टेशनकडे चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी नवीन लुगडी नेसून, दौत-टाक घेऊन आम्ही परीक्षेच्या जागी गेलो. फाटक बंद. आत एक चौकीदार निवांत तंबाखू मळत बसलेला.

"इम्तिहान?" तो म्हणाला. "पंद्रा कू है, बीबी. आज दस है."

मी तिथेच रडायला लागले. परक्या गावात येऊन पडलो, लोक हसतील, मावशीला काय सांगायचं, असं काय काय माझ्या डोक्यात आलं. आक्का मात्र फाटकाच्या गजांतून आतल्या मोकळ्या पटांगणाकडे बघत होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. एखाद्या लेकराला शाळेला सुटी आहे असं सांगावं, तसा तो दिसत होता.

मावशीच्या घराला माळवद होतं, म्हणजे मातीची गच्ची. घरामागे आमराई, आणि ती मोहरानं भरलेली. त्या वासानं दुपारी अंगावर एक सुस्ती यायची, डोळे उघडे असून झोपल्यासारखं वाटायचं. आम्ही वर जाऊन भिंतीच्या सावलीत चटई टाकून बसलो. मी अजून मुसमुसत होते. आक्कानं माळवदाच्या मातीवर बोटानं एक आकडा काढला. खालून जरा चेपलेला गोल.

"हे काय हाय?"

"पाच," मी म्हणाले. उर्दूतला पाच असाच असतो. शून्य म्हणून तिथे नुसता एक ठिपका देतात.

"दादाला इचार. शून्य म्हणंल."

माझं मुसमुसणं थांबलं. "तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"अन् बराबर म्हणली?"

"मंग काय म्हणू?" ती म्हणाली. "दादानं बोट ठिवलं अन् दहा म्हणला. मला त्या शून्यात पाच दुपारी दिसून राहिल्या व्हत्या. तुला फसवलं, तेवढं वाईट वाटतं बघ." आणि भूमितीचं पुस्तक उघडून ती म्हणाली, "चल. पयल्यापासून."

त्या दिवसांबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण ते मला एकसंध आठवतच नाहीत. मोहराचा वास आठवतो, पाटीवर पेन्सिल चालल्याचा आवाज आठवतो. आक्का पाटीवर वाकलेली, डोक्यावरचा पदर खाली घसरलेला, आणि तो सावरायची तिला आठवण नाही, हे आठवतं. कोणी तिला हाक मारत नव्हतं. कोणाला पाणी द्यायचं नव्हतं. एकदा ती वाचता वाचता झोपली आणि जागी झाल्यावर घाबरून म्हणाली, "किती येळ झाला? कोणी बोलवलं का मला?" कोणी बोलावलं नव्हतं. ती तशीच पडून आभाळाकडे बघत राहिली आणि पडल्या पडल्या मला एक सिद्धांत म्हणून दाखवला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, अचूक. माझं मात्र अभ्यासात लक्ष नव्हतं. मला त्या माळवदावर झोप फार छान यायची.

एका संध्याकाळी मावशीबरोबर बाजारात गेलो. मी बांगड्या बघत होते. आक्का एका लोहाराच्या दुकानासमोर थांबली आणि तिनं एक पितळी कुलूप उचललं. किल्ली फिरवून लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा उघडलं, पुन्हा ओढून पाहिलं. लोहार कंटाळला. मग तिनं ते विकत घेतलं.

"कशाला पायजे?" मी विचारलं. "तुह्या ट्रंकेला तं हाय कुलूप."

"खोलीला."

"कोणत्या खोलीला? परीक्षा तं होऊ दे!"

ती रस्ताभर ते कुलूप पदराखाली धरून चालली. मावशीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पण काही बोलली नाही.

मग पंधरा तारीख आली. मुलींची सोय वेगळ्या खोलीत होती, दाराला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा. आम्ही एकीमागे एक बसलो, ती पुढे, मी मागे. भूमितीच्या पेपराला तिचा टाक थांबलाच नाही. माझा बऱ्याच वेळा थांबला. हिंगोलीला परत गेल्यावर दादानं विचारलं, "येवढे दिस काहून लागले?" तेव्हा आक्का पीठ चाळता चाळता म्हणाली, "तारीख पुढं ढकलली व्हती." दादा म्हणाला, "सरकारी काम ते," आणि विषय संपला. दादाचा पाच शून्यच राहिला.

निकाल आला तो वैशाखाच्या उन्हात, बाजाराच्या दिवशी. हैदराबादचा उर्दू पेपर गाडीनं यायचा. दादा सकाळीच स्टेशनवर जाऊन बसला होता. तिथे एक मास्तर परभणी केंद्राचे नंबर मोठ्यानं वाचून दाखवत होते. दादानं सगळे ऐकले. बाजारात सिद्धेश्वराकडचा एक गडी बैलगाडी घेऊन आला होता, त्याला त्यानं परस्पर निरोप दिला, "पाव्हण्याला म्हणावं, या घेऊन जायला." मग घरी आला, चपला दारात काढल्या आणि म्हणाला, "न्हाई आला नंबर."

हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. आक्कानं 'बराबर'सुद्धा म्हटलं नाही. परातीत भाकरीचं पीठ होतं, ते तिनं हातानं सपाट केलं आणि त्यावर काही न लिहिता मळायला घेतलं. पुढे मी तिला एकदा विचारलं, 'तू दादाला उलटून का नाही विचारलंस?' ती म्हणाली, त्या घटकेला तिला कुठलाच आकडा आठवत नव्हता, स्वतःचा नंबरसुद्धा नाही.

इकडे वडिलांनी तोच पेपर आमच्या घरी आणला. मी बोट फिरवत गेले. माझा नंबर नव्हता. मी पुन्हा बघितलं, तरी नव्हता. पण माझ्या आधीचा होता. तीनशे एक्कावन्न. आम्ही एकीमागे एक बसलो होतो, तिचा नंबर माझ्या आधीचा, यात चूक होणं शक्य नव्हतं. मी नापास झाल्याचं दुःख करायचं राहूनच गेलं. पेपर घेऊन मी अनवाणी धावत सुटले, आणि पाय किती भाजले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"आक्का! तू झालीस! तू पास झालीस!"

दादा जेवायला बसला होता. हातातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "कायला तिला आशा लावून राहिली गं? म्या सोता ऐकून आलो. तिचा नंबर तीनशे एक. तीनशे एक घेतलाच न्हाई मास्तरनं."

"तीनशे एक्कावन हाय, दादा!"

"म्या माह्या डोळ्यानं वाचला हाय कागद. तीन, शून्य, एक. तोंडपाठ केला हाय."

आणि मग माझ्या लक्षात आलं. आक्काच्याही आलं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण तो पाच दादाला समजावून सांगायचा म्हणजे परभणीची तारीखही सांगावी लागणार होती. दादानं एकडाव बस म्हणून शब्द दिला होता, आणि त्या एकाच परीक्षेत बहिणीनं त्याला फसवलं होतं. हे कळल्यावर तो काय करेल ते कोणालाच सांगता आलं नसतं. सासरचा गडी बाजारातून अजून निघाला नव्हता.

आक्कानं हात धुतले. दादासमोर येऊन बसली. ताटाशेजारी थोडं पीठ सांडलं होतं, त्यात तिनं बोटानं तो गोल काढला.

"दादा, हे शून्य न्हाई. पाच हाय."

दादानं त्या गोलाकडे बघितलं. मग पेपर मागून घेतला. मी बोट ठेवून दाखवलं, तीन, पाच, एक. त्याच्या डोक्यात आकडे फिरत होते. कापसाची वजनं सांभाळणारा माणूस, हिशेबाला पक्का. हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"म्हंजी परभणीची तारीख..."

"पंधराच व्हती. मला म्हाईत व्हतं."

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच थांबलं. मला वाटलं, आता संपलं.

"मंग बोलली काहून न्हाईस?" दादाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बोलले असते तं तू पंधराला नेलं असतंस. दादा, ह्या घरात मला एक दुपार न्हाई मिळाली. कोणाचा दोष न्हाई, पर न्हाई मिळाली. तू बोट ठिवलं अन् दहा म्हणला. म्या बराबर म्हणले." पिठातल्या गोलावरचं बोट तिनं अजून उचललं नव्हतं. "तुला राग आला असंल तं धाड मला. पर मी मॅट्रिक झाले हाय, तेवढं म्हण."

दादानं ताट पुढे सरकवलं, उठला, खुंटीवरची टोपी घेतली. दारात चपला घालताना तो पुन्हा आत वळून त्या पिठातल्या गोलाकडे बघून म्हणाला, "शून्यावानीच दिसतो की माय."

"कुठं निघाले?" वहिनीनं विचारलं.

"त्या गड्याला गाठतो. गाडी जुपली नसंल अजून." आणि मग बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "झाली म्हणावं आमची आक्का मॅट्रिक."

तो भर उन्हात जवळजवळ पळतच गेला. तेव्हा कुठे आक्का रडली, आणि तिच्यासोबत मी. लोकांना वाटलं मी नापास झाले म्हणून रडते. खालाबींनी साखर पाठवली आणि सोबत निरोप, "अब जाव अपने कमरे में."

दादानंच तिला कळमनुरीला नेऊन सोडलं, ट्रंक स्वतः खांद्यावर घेऊन. मी पुढच्या वर्षी पुन्हा बसले आणि कशीबशी पास झाले. नांदेडच्या त्या स्थळानं तोवर दुसरी मुलगी केली होती, मग नांदेडचंच दुसरं स्थळ मिळालं. मला कोणी घाई केली नव्हती आणि माझ्यावाचून काही अडलंही नव्हतं. तोच पेपर, तेच प्रश्न, पण मला नापास होणं परवडत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, लग्नानंतर कळलं.

मग ती वाईट वर्षं आली. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं वऱ्हाडात निघून गेली. दादाचं कुटुंबही गेलं. आक्काचं काय झालं, कोणालाच नीट सांगता येईना. कोणी म्हणे शाळा बंद पडली, कोणी म्हणे ती उमरखेडकडे गेली. मी नांदेडला बसून वाट बघण्यापलीकडे काय करणार होते?

निजामाचं राज्य गेलं त्या साली दिवाळीला मी माहेरी निघाले, आणि वाटेत कळमनुरीला मोटारीतून उतरले. शाळेवरची पाटी नवी होती, मराठीत रंगवलेली, रंग अजून चकाकत होता. शिपायानं हात करून घर दाखवलं. रस्त्याच्या कडेला एक खोली, आणि तिला नांदेडच्या रस्त्याकडे उघडणारी खिडकी.

दाराला पितळी कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई कुठं गेल्या? वऱ्हाडात?"

"न्हाई ओ. बाई कुठं जाऊन राहिल्या? शाळा बंद व्हती तवा बी हितंच व्हत्या, पोरींला घरीच शिकवत." त्यांनी कुलपाकडे बघितलं. "आत्ता गेल्या असत्याल कुठं तरी."

"कुठं?"

"काय म्हाईत. सांगून न्हाई जात कधी."

खिडकीतून आत डोकावले. टेबल होतं. कोनाड्यात आरसा होता. माठ मात्र मी म्हणाले होते तिथे नव्हता, तिनं म्हटलं होतं तिथे होता. पिंजरा नव्हता. मी पायरीवर बसले आणि बराच वेळ वाट पाहिली. उन्हं उतरली, हिंगोलीकडची मोटार येऊन हॉर्न द्यायला लागली. त्यानंतर मी तिकडे जाऊ शकले नाही, आणि पुढे तिची बदली कुठे झाली तेही कळलं नाही. म्हणजे ती हिंगोलीहून गेल्यावर माझी तिची भेट ही एवढीच, बंद दाराशी.

त्या दिवशी ती कुठे गेली होती, ते मला आजपर्यंत माहीत नाही. मोटारीकडे जाता जाता मी परत फिरले आणि ते कुलूप एकदा ओढून पाहिलं. पक्कं लागलं होतं.